वापरकर्ती क्रमांक चार

सोमवार, ४ मार्च

आजपासून मी तरुण झाले. साहेबांनी सकाळच्या बैठकीत तसं फर्मानच काढलं: "यापुढे आपण सगळ्यांनी एकवीस वर्षांचं होऊन विचार करायचा." त्यांना काय, ते तिशीचे, नऊच वर्षं मागं जायचंय. मला सव्वीस वर्षं मागं जायचंय आणि गुडघे दुखतात.

बँक तरुण मुलांसाठी नवं मोबाइल अ‍ॅप काढतेय, अठरा ते पंचवीस वयाच्या. जुनं अ‍ॅप सहा वर्षांपूर्वी मीच आखलं होतं. आज साहेबांनी भर बैठकीत त्याचे वाभाडे काढले. पैसे पाठवायला सात टॅप. पासवर्ड विसरला तर शाखेत या. पत्ता बदलायचा तर चौदा रकाने. सगळं खरं होतं, म्हणून जास्त झोंबलं. नंतर मला बाजूला घेऊन मधाळ आवाजात म्हणाले, "ताई, हे जमण्यासारखं वाटत नसेल तर छापील फॉर्मच्या विभागात जागा आहे." तो विभाग तळमजल्यावर जिन्याखाली आहे. तिथे दोन माणसं बसतात आणि दोघंही निवृत्तीचे दिवस मोजतात.

भिंतीवर एका मुलीचा फोटो लावलाय. ही म्हणे आपली ग्राहक. पिवळे हेडफोन, तोंडभर हसू, खाली लिहिलंय: बिनधास्त, स्वप्नाळू, घाईत. खरी एकवीस वर्षांची मुलगी मी रोज घरी बघते. ती बिनधास्त नाही, स्वप्नाळू असेल तर मला पत्ता नाही, आणि घाई तिला फक्त माझ्यासमोरून उठून जायची असते.

ठकी नोव्हेंबरपासून माझ्याशी धड बोलत नाही. तिनं शेवटच्या वर्षाला शिक्षण सोडलं, आम्हाला न विचारता, आणि जनावरांच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून लागली. तिचे बाबा तोंडाला येईल ते बोलले. हे घर आहे, धर्मशाळा नाही, इथपर्यंत गेले. मी मध्ये पडले नाही. दोघांच्या भांडणात तेल ओतलं नाही हीच माझी चूक असेल तर असो. मला एवढंच हवंय की तिनं पूर्वीसारखं ओट्यावर चढून बसावं आणि मी कांदा चिरत असताना माझं डोकं खावं. ते होत असेल तर अ‍ॅप गेलं खड्ड्यात आणि मी गेले जिन्याखाली.

शनिवार, ९ मार्च

जमलं. माझ्या डोक्याला मी आज पैकीच्या पैकी गुण दिले.

चाचणीसाठी दहा तरुण ग्राहक हवे होते. नियमाप्रमाणे नातेवाईक चालत नाहीत. पण यादीत नावं नसतात, नुसते क्रमांक असतात, आणि चौथा क्रमांक रिकामा होता. सकाळी ती चहा घेत होती तेव्हा म्हटलं, "ठकी, माझं एक काम करशील? ऑफिसचं आहे."

"ठकी म्हणू नकोस."

"बरं. नाही म्हणत. करशील?"

लहानपणी ठेंगणीठुसकी होती म्हणून ठकी. आता माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे, पण मला दुसरं काही म्हणायला जमत नाही. ती कपात बघत म्हणाली, "विचार."

मी वही उघडली. विचारलं, "बँकेचं अ‍ॅप उघडताना तुला काय वाटतं?"

"कुणीतरी खांद्यावरून बघतंय असं."

"कुठे? बसमध्ये? दुकानात?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "घरी."

लिहून घेतलं: शिल्लक लपवण्याची सोय हवी, घरातसुद्धा.

"आणि अ‍ॅपनं तुझ्याशी बोलावं कसं?"

"बोलू नये. सल्ले तर मुळीच देऊ नयेत. फार तर विचारावं."

"काय विचारावं?"

"काहीही. कसं चाललंय, एवढं विचारलं तरी पुष्कळ झालं."

लिहून घेतलं: सूचनांचा सूर प्रश्नाचा ठेवावा. हे सोनं आहे. वीस वर्षं लोकांच्या मुलाखती घेतेय, असं वाक्य वर्षातून एखादं हाती लागतं. तिला म्हटलंसुद्धा, "काय छान सांगितलंस गं." तिनं कप विसळला आणि खोलीत गेली.

पण पन्नास मिनिटं बोलली. नोव्हेंबरपासून सगळं मिळून एवढी बोलली नसेल. माझा जीव भांड्यात पडला.

मंगळवार, १२ मार्च

"फार तर विचारावं" हे वाक्य बैठकीत पडद्यावर लावलं. साहेब खुर्चीतून उठले. आमचा प्रोग्रामर, ज्याला सगळे दाढी म्हणतात आणि जो कशालाच चांगलं म्हणत नाही, तोही म्हणाला, "ही क्रमांक चार हुशार आहे." मला असा काही आनंद झाला की विचारू नये. तोंडातून निसटणारच होतं, कोणाची मुलगी आहे ते. जीभ चावली.

आज चाचणीचं अ‍ॅप दहाही जणांच्या फोनवर घातलं. यात वापरणाऱ्याचा स्क्रीन रेकॉर्ड होतो. बोट कुठे गेलं, कुठे थांबलं, काय लिहिलं आणि पुसलं, सगळं. आकडे आणि नावपत्ते करड्या पट्टीखाली झाकलेले असतात, बाकी हालचाल स्वच्छ दिसते. हे ग्राहकाला समजावून सांगून त्याची संमती घ्यायची असते.

ठकी फोन माझ्याकडे देऊन अंघोळीला गेली होती. दीड पानाचा मजकूर आला आणि खाली "मी सहमत आहे". मी दाबलं. तिनं वाचला असता थोडाच. कुणीच वाचत नाही, आम्ही तो लिहितोच तसा. आणि आईनं मुलीचं बोट बघितलं तर आभाळ कोसळत नाही.

बुधवार, २० मार्च

दुसरी बैठक, पुन्हा चहाच्या वेळी. या वेळी तीच येऊन बसली, मी बोलावलं नव्हतं.

विचारलं, "शिल्लक बघायची धास्ती वाटते का तुला? मुलांना वाटते म्हणे."

"मी रोज बघते. बघून ठरवते किती महिने पुरेल."

यावर तिला पुढे विचारायला हवं होतं बहुधा. पण तेवढ्यात माझ्या डोक्यात एक पट्टी दिसायला लागली होती. आकडा नकोच, आडवी पट्टी, हिरवी, आणि खाली नुसतं लिहिलेलं: पाच महिने पुरेल. मी वहीत काढायला लागले. ती काहीतरी सांगत होती, दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंच्या घरी वरची खोली रिकामी आहे की काय, आणि मध्येच थांबली.

"आई, ऐकतेयस का?"

"अगं, तुझंच तर काढतेय."

तिला चित्र दाखवलं. तिनं वही हातात घेऊन बराच वेळ बघितलं. "छान आहे," म्हणाली. आवाज जरा बसल्यासारखा वाटला. दवाखान्यात दिवसभर कुत्र्यामांजरांमध्ये उभं राहायचं, दमत असणार.

साहेबांना पट्टी बेफाम आवडली. "हे तुम्हाला सुचलं, ताई?" असं त्यांनी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा जरा जास्तच आश्चर्यानं. हो म्हटलं.

गुरुवार, २८ मार्च

रेकॉर्डिंग बघायला बसले. नऊ जणांचं बघितलं ते पगारासाठी, चौथीचं बघितलं ते जिवासाठी.

सकाळी सात चाळीसला ती अ‍ॅप उघडते. तेव्हा मी बाहेरच्या खोलीत पर्स भरत असते आणि ती बंद दाराआड. आधी नवी हिरवी पट्टी बघते. मग "माझी माहिती" मध्ये जाते, तिथून "पत्ता बदला". पहिला रकाना भरते, दुसरा, तिसरा. मग थांबते. एकोणीस सेकंद काही नाही. मग सगळं पुसते आणि बाहेर येते.

चौदा रकाने म्हटल्यावर माणूस थांबणार नाही तर काय करणार. लिहून ठेवलं: पत्त्याचा फॉर्म जाचक, वापरकर्ती अर्ध्यावर सोडते.

मंगळवार, २ एप्रिल

तिसऱ्यांदा तेच. भरलं, थांबली, पुसलं. या वेळी छत्तीस सेकंद.

आज ते रेकॉर्डिंग बैठकीत मोठ्या पडद्यावर लावलं. बोटाच्या जागी निळा ठिपका दिसतो. एकोणीस माणसं त्या ठिपक्याकडे टक लावून बघत होती. तो थांबला तेव्हा खोलीत कुणी हललं नाही. साहेब म्हणाले, "बघा, बिचारीला पत्ता बदलायचाय आणि आपण बदलू देत नाही. फ्रिक्शन काढा." फ्रिक्शन हा त्यांचा आवडता शब्द. अडथळा म्हटलं तर पगार कमी होत असावा.

फक्त दाढी कुरकुरला. "मॅडम, ही अडखळत नाहीये. टायपिंग बघा, झरझर लिहितेय. लिहून झाल्यावर थांबते. मला फॉर्मचा प्रॉब्लेम वाटत नाही."

"तू कोड बघ," मी म्हटलं. अंमळ जास्तच तोडून बोलले. त्याला काय कळतंय. मला कारण ठाऊक आहे, कारण ते माझ्याच घरात घडतं. बँकेची पत्रं घरी येतात आणि नवरा ती उघडतो. तिला ती दवाखान्याच्या पत्त्यावर हवी असणार. एवढी साधी गोष्ट.

तिला सरळ विचारावं असं मनात येऊन गेलं. पण विचारलं की रेकॉर्डिंगचं कळणार, आणि इतक्या मुश्किलीनं बोलायला लागलेली मुलगी पुन्हा दार लावून घेणार. त्यापेक्षा फॉर्म सोपा करणं बरं.

शुक्रवार, ५ एप्रिल

आज जेवताना नवऱ्यानं तिचं पत्र उघडलं. तिच्या देखत, बोटानं फाडून. "एवढेच देतात का त्या कुत्र्यांच्या दवाखान्यात?" म्हणाला, आणि आकडा मोठ्यानं वाचला.

तिनं चमचा खाली ठेवला. त्याच्याकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. मी तिला भात वाढायला गेले तर ताटावर हात धरला. "नको," म्हणाली आणि उठली.

मी मध्ये पडले की दोन्हीकडून मलाच बसतं, हा बावीस वर्षांचा अनुभव आहे. पण त्या पत्राचा राग मलाही आला. नवऱ्याला काही बोलले नाही, भांडी जरा आपटली. फॉर्म या महिन्यातच व्हायला हवा. पत्रांची कटकट तरी संपेल तिची. माझ्या हातात तेवढंच आहे.

गुरुवार, ११ एप्रिल

चौदा रकान्यांचे तीन केले. कायदे विभागाच्या बाईंशी चार दिवस झटापट झाली. त्यांना पुरावा आधी हवा, मी म्हटलं पुरावा नंतर, फोटो काढून पाठवला की झालं. त्यांना जुन्या पत्त्याचा रकाना हवा, मी म्हटलं तो बँकेकडे आहेच, पोरांना कशाला पुन्हा लिहायला लावता. शेवटी त्यांनी हात टेकले.

सर्वांत शेवटी एक खिडकी यायची: "तुम्हाला नक्की पत्ता बदलायचा आहे का?" ती मी स्वतः उडवली. दाढी म्हणाला, राहू द्या, लोकांना विचार करायला एक क्षण मिळतो. मी म्हटलं, नक्की नसतं तर आले कशाला असते इथपर्यंत.

फॉर्म देखणा झालाय. किती तरी वर्षांनी असं वाटलं की मला माझं काम येतं. संध्याकाळी घरी गुणगुणत आले तर ठकीनं विचारलं, "आज खूश दिसतेस?" म्हटलं, "तुझ्यासारख्यांसाठी एक गोष्ट केलीय, लवकरच दिसेल तुला." ती म्हणाली, "काय?" म्हटलं, "बघशील."

बुधवार, १७ एप्रिल

अकरा सेकंद.

नवा फॉर्म काल सगळ्यांच्या फोनवर गेला. आज सकाळी सात चाळीसला क्रमांक चार आली. पट्टी बघितली. "पत्ता बदला" उघडलं. पाच-सहा सेकंद नुसती बघत होती, ते आम्ही मोजत नाही, मोजणी पहिल्या अक्षरापासून. मग लिहायला लागली ती थांबलीच नाही. तीन रकाने, एक टॅप, हिरवी खूण. "तुमचा पत्ता बदलला आहे." अकरा सेकंद.

मोठ्या पडद्यावर बघितलं सगळ्यांनी. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी, मग मीही. साहेब म्हणाले, ताई, जिन्याखालचं विसरा, आता हा अख्खा विभाग तुम्हीच बघायचा. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. लोकांना वाटलं बढतीचं.

पाचची बस पकडून लवकर घरी चाललेय. हे बसमध्येच लिहितेय. तिच्यासाठी चॉकलेटचा डबा घेतलाय. काय निमित्त सांगायचं ते घरी जाईपर्यंत सुचेल.

गुरुवार, १८ एप्रिल

काल घरी पोचले तर नवरा पेपर वाचत होता. तिच्या खोलीचं दार उघडं. ते कधी उघडं नसतं. पलंगावरची चादर घडी घालून पायथ्याशी ठेवलेली, कपाटातले हँगर मोकळे, टेबलावर घराची किल्ली. चॉकलेटचा डबा हातात घेऊन मी तिथे उभी राहिले. किती वेळ ते माहीत नाही. नवरा म्हणाला, "दुपारी गेली. टॅक्सी घेऊन. जाईल कुठे, महिना संपला की येईल." पेपर खाली ठेवला नाही त्यानं.

तेव्हा मला कळलं की ती पत्रं दवाखान्यात मागवत नव्हती.

फोन केला. दुसऱ्याच रिंगला उचलला तिनं. "मी ठीक आहे, आई. जागा चांगली आहे."

"न सांगता गेलीस?"

"सांगितलं."

"कधी? कुणाला?"

ती म्हणाली, "राहू दे," आणि ठेवला.

सांगितलं म्हणे. मला काय कान नाहीत? एका घरात राहतो, रोज सकाळी तोंड बघतो, कधी सांगितलं हिनं? वर तोंड करून खोटं बोलायला कुठून शिकली? मग आठवलं की मी ऑफिसात टाळ्या वाजवल्या होत्या. माझी मुलगी माझं घर सोडत होती आणि मी टाळ्या वाजवत होते. अजून ते अंगावर येतं. नवऱ्याला हे सांगता येत नाही, ऑफिसात सांगता येत नाही, म्हणून इथे लिहितेय.

बुधवार, २४ एप्रिल

रोज पावणेआठला ऑफिसात येते. सगळे म्हणतात बढती अंगात भिनली. साडेनऊपर्यंत कुणी नसतं.

क्रमांक चार आता सहा पन्नासला उठते. म्हणजे नवी जागा दवाखान्यापासून लांब असावी. की जवळ, आणि डबा स्वतः करावा लागतो म्हणून लवकर? ठिपक्यावरून एवढं कळत नाही. पट्टी चार महिन्यांवर आली होती, काल पावणेचारवर. सोमवारी सकाळी तिनं अ‍ॅप उघडलंच नाही. दुपारी तीनला उघडलं तेव्हा कुठे मी जेवले.

फोन ती उचलते. ठीक आहे म्हणते. कुठे आहेस विचारलं की "सांगेन" म्हणते. तिचं बोट मला सेकंदासेकंदाला माहीत आहे आणि ती कुठल्या गल्लीत झोपते ते नाही.

दाढीला विचारलं, करडी पट्टी काढून खालचा पत्ता बघता येईल का, एकाच वापरकर्तीचा, चाचणीसाठी. तो म्हणाला, "नाही. आणि येत असतं तरी नसता दाखवला." मग त्यानंच विचारलं, "मॅडम, क्रमांक चार कोण आहे?"

"ग्राहक," मी म्हटलं. त्यानं मान डोलावली आणि माझ्यासाठी चहा आणून ठेवला. त्याच्या त्या चांगुलपणाची मला इतकी चीड आली की चहा तसाच बेसिनमध्ये ओतला.

शुक्रवार, ३ मे

चाचणी संपली. दहाही जणांना समारोपाच्या मुलाखतीला बोलावलं होतं, साहेबांचा हट्ट. मुलाखत मी घ्यायची, ते शेजारी बसणार. काचेची खोली, प्रत्येकाला वीस मिनिटं. मला वाटलं होतं ती येणार नाही.

दहा पन्नासला आली. केस कापलेत तिनं, मानेपर्यंत. रेकॉर्डिंगमध्ये केस दिसत नाहीत. मनगटावर ओरखडा होता, मांजराचा असावा, त्यावर औषध लावलेलं होतं. म्हटलं, "बसा."

"थँक्यू, मॅडम," ती म्हणाली.

नेहमीचे प्रश्न विचारले. रंग कसे वाटले, अक्षरं वाचता येतात का. ती शहाण्यासारखी उत्तरं देत होती आणि साहेब खूश होऊन मान हलवत होते. मग तो प्रश्न आला. तो टाळता येत नाही, छापलेला असतो आणि उत्तराखाली ग्राहकाची सही लागते. वापरताना तुमचा स्क्रीन रेकॉर्ड होतो, याची तुम्हाला कल्पना होती का? ती नाही म्हणाली असती तर नातेवाईक, खोटी संमती, सगळं बाहेर आलं असतं आणि मला जिन्याखालीसुद्धा जागा मिळाली नसती. माझा आवाज कापला. साहेबांना तो सर्दीचा वाटला असावा.

"हो," ती म्हणाली. "माहीत होतं." आणि सही केली.

तेवढ्यात साहेबांना फोन आला आणि ते बाहेर गेले. दार लागलं. मी पुटपुटले, "थँक्यू गं."

"मी तुला वाचवायला नाही म्हटलं, आई. खरंच माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. वर कोपऱ्यात खूण येते रेकॉर्डिंगची. शोधून काढलं काय आहे ते."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलतच होते की." ती टेबलाकडे बघत बोलत होती, अगदी सावकाश. "तीन वेळा पत्ता लिहिला आणि पुसला. म्हटलं, आई आज ऑफिसात बघेल. संध्याकाळी येऊन विचारेल, काय गं, कुठे निघालीस? रोज संध्याकाळी तुझ्या चपलांचा आवाज आला की मला वाटायचं, आता विचारेल. नको जाऊस म्हणाली असतीस तर राहिले असते मी बहुतेक. निदान भांडलो तरी असतो."

"मला वाटलं फॉर्म अवघड आहे."

"हो. तो सोपा झाल्यावर कळलं मला."

पाण्याचा ग्लास तिच्या बाजूला होता, तिनं तो माझ्याकडे सरकवला. मी प्यायले. मग माझ्या तोंडून तेच निघालं, जे पंधरा दिवस डोक्यात फिरत होतं. "कुठे राहतेस?"

"सांगते. आधी, का गेले ते विचार."

का? हा एक शब्द मी वीस वर्षं परक्या माणसांना विचारत आलेय. लोक खोटं बोलायला लागले तर पुन्हा विचारायचा, पाच वेळा विचारायचा, असं मीच नव्या मुलांना शिकवते. मी तोंड उघडलं. आणि शब्द फुटेना, कारण त्याचं उत्तर मला ठाऊक होतं आणि त्या उत्तरात तिच्या बाबांपेक्षा मी जास्त होते. माझी नजर काचेतून बाहेर गेली. पाचव्या क्रमांकाचा ग्राहक सोफ्यावर येऊन बसला होता आणि वर भिंतीवरच्या घड्याळात अकरा चौदा झाले होते. त्याची वेळ अकरा दहाची होती. मी फक्त क्षणभर बघितलं.

तिनं ते पाहिलं. उठली, पर्स खांद्याला लावली. मी "ठकी" म्हटलं, पण तोवर साहेब दार उघडून आत येत होते.

"येते, मॅडम," ती म्हणाली आणि त्यांच्या बाजूनं निघून गेली. लिफ्टकडे जाताना मागे वळली की नाही ते मला दिसलं नाही, साहेब मध्ये उभे होते.

"गोड मुलगी आहे," ते म्हणाले. "काही अडचण सांगितली का तिनं?"

"नाही," मी म्हटलं.

मग पाचव्या क्रमांकाला आत बोलावलं. तो बिचारा घाबरलेला होता, खुर्चीच्या टोकावर बसला. मी त्याला पाणी दिलं आणि म्हटलं, काही घाई नाही, तुम्हाला सांगायचं ते सावकाश सांगा, मी ऐकतेय.